गॅस गीझर काढून हीट पंप बसवावा का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात घरातील ऊर्जाबचतीविषयी लिहिताना या सदरात हीट पंपाचा ओझरता उल्लेख झाला होता. भोवतालच्या हवेतील उष्णता ओढून घेऊन ती पाण्याला देणारे हे विजेवरचे यंत्र गॅस गीझरची जागा घेऊ शकते, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : गंगापूर रोडला आमचा दुमजली बंगला आहे. आम्ही घरात सहा माणसे असून बारा वर्षांपासून गॅस गीझर वापरतो. हीट पंप घेतल्यास पाणी तापवण्याचा खर्च एक तृतीयांशावर येईल, असे विक्रेता सांगतो. एक युनिट वीज घालून तीन युनिट उष्णता मिळते, हे त्याचे म्हणणे मला पटत नाही. कृपया खुलासा करावा.

उत्तर : तुमच्या शंकेचे निरसन आधी करतो. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेतो. फ्रिज आतल्या भाज्यांमधली उष्णता काढून बाहेर टाकतो आणि म्हणूनच त्याची मागची किंवा बाजूची भिंत हाताला गरम लागते. हीट पंपात हीच क्रिया पाणी तापवण्यासाठी योजलेली असते. पंखा बाहेरची हवा एका गार नळीजाळीवरून ओढतो, नळ्यांमधील शीतक त्या हवेच्या उष्णतेने उकळून त्याचा वायू होतो, कॉम्प्रेसर तो वायू दाबून आणखी तापवतो आणि तो तापलेला वायू आपली उष्णता टाकीतल्या पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होतो. वीज खर्च होते ती मुख्यतः कॉम्प्रेसर चालवण्यासाठी. पाण्याला मिळणाऱ्या तीन युनिटांपैकी साधारण दोन हवेतून फुकट आलेली असतात. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखल्या गेलेल्या विल्यम थॉमसन यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती, त्यामुळे यात ऊर्जेच्या नियमांशी विसंगत असे काही नाही.

आता विक्रेत्याच्या दाव्याकडे येऊ. तो खरा आहे, पण खर्च एक तृतीयांश होतो तो कशाच्या तुलनेत, हे त्याने सांगितलेले नाही. ही तुलना विजेच्या गीझरशी आहे आणि तुमच्याकडे आहे गॅसचा. हिशेब अवघड नाही. जितके लिटर पाणी जितके अंश तापवायचे, त्यांचा गुणाकार करून ८६० ने भागले की लागणाऱ्या उष्णतेची युनिटे मिळतात. सहा माणसांना विसण घातल्यानंतरचे, म्हणजे प्रत्यक्ष अंगावर घेण्याजोगे, माणशी ३० लिटर पाणी धरले तर ते १८० लिटर होते. नळाचे पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायचे असेल तर २० अंशांची वाढ हवी. हिशेब येतो सुमारे ४.२ युनिट.

गॅस गीझर एक किलो एलपीजीतून साधारण साडेदहा युनिट उपयुक्त उष्णता देतो. म्हणजे तुम्हाला रोज ४०० ग्रॅम गॅस लागतो आणि १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे पाच आठवडे पुरतो. तुमचा अनुभवही याच्या जवळपासच असेल. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर रोजचा खर्च २५ रुपये झाला. टाकीच्या हीट पंपाला दिवसभरात टाकीतून गळणारी थोडी उष्णताही भरून काढावी लागते, म्हणून त्याच्यासाठी ४.२ ऐवजी पाच युनिट धरू. तिपटीच्या हिशेबाने त्याला सुमारे १.७ युनिट वीज लागेल आणि सर्व आकार मिळून युनिटला १० रुपये पडत असतील तर खर्च १७ रुपये येईल. टाकीच्या विजेच्या गीझरला हेच काम करायला ५० रुपये लागतील. वर्षातले आठ महिने पूर्ण वापर गृहीत धरला, तर हीट पंप विजेच्या गीझरच्या तुलनेत जवळपास आठ हजार रुपये वाचवतो आणि गॅसच्या तुलनेत दोन हजारही वाचवत नाही. तुमच्या बिलावरचा दर आणि सिलिंडरची आजची किंमत घालून हे आकडे स्वतः पडताळून पाहावेत. विजेचा दर १५ रुपयांच्या आसपास गेला, की गॅस आणि हीट पंप बरोबरीत येतात.

पर्यावरणाच्या बाबतीतही खरे तेच सांगितले पाहिजे. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे तुमच्या घराचा रोजचा १.२ किलो. आपल्या देशातील वीज अजूनही प्रामुख्याने कोळशावर तयार होते. त्यासाठी लांब जायला नको, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या नाशिककरांना रोज दिसतात. देशभराची सरासरी काढली तर एका युनिटमागे ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हीट पंपाच्या १.७ युनिटांचा हिशेब पुन्हा १.२ किलोवरच येऊन थांबतो. महावितरणच्या विजेवर चालणारा हीट पंप आज गॅसइतकाच कार्बन सोडतो. विजेचा गीझर मात्र त्याच्या तिप्पट सोडतो.

गच्चीवर सौर पॅनेल असतील तर हे चित्र पालटते. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते आणि त्यातली निम्मीही तुमच्या पाण्याला लागणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. हे अनुदान पॅनेलला आहे, हीट पंपाला नाही, याची नोंद घ्यावी. माझा सल्ला असा, की गीझर अजून चांगला चालत असेल आणि तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवलेला असेल, तर आधी पॅनेल बसवावेत आणि गीझर निकामी होईल तेव्हा त्या जागी हीट पंप आणावा. तो न्हाणीघराच्या आत असेल, तर मात्र पुढचे उत्तर वाचावे आणि हा सारा हिशेब बाजूला ठेवावा.

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो. गॅस गीझर न्हाणीघरातच भिंतीवर आहे. थंडीमुळे खिडकी बंद ठेवतो. गेल्या महिन्यात सासूबाईंना आंघोळ करताना दोनदा गरगरले आणि बाहेर येऊन बसल्यावर बरे वाटले. ऑक्सिमीटरवर ९८ दिसले, म्हणून आम्ही अशक्तपणा समजलो. मलाही आंघोळीनंतर डोके दुखते. हीट पंप घेतल्यास हा त्रास जाईल का?

उत्तर : ताई, आपले पत्र मिळाले त्याच दिवशी आपल्याला फोन करून गीझर बंद करायला सांगितले होते. इतर वाचकांसाठी कारण येथे लिहितो.

बंद न्हाणीघरात गीझर पेटला की तो तिथलाच प्राणवायू वापरत राहतो. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे गळती कळते. जळून तयार झालेल्या या विषाची सूचना मात्र कोणीही देत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा वायू दोनशे पटींहून अधिक जोमाने चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. पुढची पायरी बेशुद्धीची असते आणि दाराला आतून कडी असते. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वाचाव्या लागतात, आणि त्यातला प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता, ही गोष्ट मला फार लागते.

ऑक्सिमीटरवर विसंबू नये. घरोघरी आलेले ते छोटे यंत्र हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवते. अशी शंका आल्यास माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि गरगरणे थांबले तरी रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांना ‘न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे, कारण उपचाराची दिशा त्यावरून ठरते.

हीट पंपात काहीच जळत नाही, त्यामुळे त्याने हा धोका समूळ जातो. विजेच्या गीझरनेही तो जातो. म्हणून हीट पंपासाठी पैसे जमेपर्यंत आहे तेच चालवू, असा विचार करू नये. गॅस गीझर आजच आतून काढून, धूर घराबाहेर जाईल अशा उघड्या जागी हलवावा किंवा काही दिवस पाणी स्वयंपाकघरात तापवून न्यावे. एक्झॉस्ट पंखा लावला म्हणजे झाले, असेही समजू नये. ताजी हवा आत यायला वाट नसेल तर एकटा पंखा पुरा पडत नाही.

प्रश्न : निफाडजवळ आमची द्राक्षबाग आणि शेतातच घर आहे. थंडीत काही दिवस पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि बाग वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा हवेतून उष्णता कशी मिळेल? सध्या पाणी गॅसवर तापवतो. घरात दहा-अकरा माणसे आहेत.

उत्तर : आपल्याला पाच अंशांची हवा गार लागते, पण यंत्रातला शीतक तिच्याहूनही गार ठेवता येतो, त्यामुळे उष्णता हवेकडून त्याच्याकडे वाहतेच. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या बर्फाळ देशांत हीट पंपांचा वापर युरोपात सर्वाधिक आहे. मात्र दोन अडचणी खऱ्या आहेत. हवा जितकी गार, तितकी तिपटीची किमया कमी होत जाते. शिवाय जाळी शून्याखाली गेली की हवेतले बाष्प तिच्यावर गोठते आणि ते वितळवण्यासाठी यंत्राला मधूनमधून काही मिनिटे पाणी तापवणे थांबवावे लागते. आपल्याकडे विकली जाणारी काही यंत्रे उष्ण प्रदेशासाठीच बनवलेली असतात. म्हणून माहितीपत्रकात ‘किमान हवेचे तापमान’ काय दिले आहे ते पाहूनच खरेदी करावी.

यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे पहाटे पाणी तापवूच नये. निफाडला डिसेंबरातही दुपारची हवा छान ऊबदार असते. टायमर लावून यंत्र दुपारी बारा ते चारच्या दरम्यान चालवावे. चांगले जाड वेष्टन असलेल्या २०० लिटरच्या टाकीतले पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत जेमतेम तीन-चार अंशांनी उतरते. आपल्या कुटुंबाला ३०० लिटरची टाकी लागेल. गॅस गीझर नळ उघडताच कढत पाणी देतो, हीट पंपाला मात्र टाकी भरून तापवायला तीन-चार तास लागतात. घरातल्या सर्वांनी हा फरक नीट समजून घेतला नाही तर पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू होतात. पाहुणे येणार असतील तर आदल्या दुपारीच तयारी हवी.

जोडणी शेतपंपाच्या फीडरवर न घेता घराच्या सिंगल फेजवर घ्यावी. अशा यंत्राला सुमारे एक किलोवॉट वीज लागते. तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझरशिवाय कॉम्प्रेसर चालवू नये. तोच जळाला तर सारी बचत त्याच्या दुरुस्तीत जाईल. दहा-अकरा माणसांच्या घरात गॅसच्या तुलनेतही बचत दिसू लागते, त्यामुळे आपल्या घरासाठी मी होकार देईन.

प्रश्न : इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची सदनिका आहे. घरात तिघेच आहोत. ड्राय बाल्कनीत हीट पंप बसेल का?

उत्तर : बसवता येईल, पण बसवू नये. तिघांच्या आंघोळीला रोज जेमतेम दोन युनिट उष्णता लागते. एवढ्यासाठी मोठी टाकी, तिचे वजन, पंख्याचा आवाज आणि बाल्कनीत साचणारी गार हवा सोसण्यात अर्थ नाही. बंदिस्त बाल्कनीत यंत्र स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढते आणि त्याची कार्यक्षमता घसरते. चांगल्या वेष्टनाचा २५ लिटरचा विजेचा गीझर घ्यावा, तो आंघोळीआधी लावावा आणि मग बंद करावा. सोसायटीने मिळून गच्चीवर मोठा हीट पंप घ्यायचे ठरवले, तर तो वेगळा विषय होईल आणि त्याचा विचार अवश्य करावा.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. आई अजून तांब्याच्या बंबातच पाणी तापवते आणि तो काढायला तयार नाही. काय करावे?

उत्तर : बंब काढण्याची घाई करू नये. लाकूड हे खनिज इंधन नव्हे आणि तुमचा बंब उघड्या चौकात असेल तर न्हाणीघरातल्या गॅस गीझरपेक्षा त्याचा धोका कमी आहे. मात्र धुराने आईंच्या डोळ्यांना आणि छातीला त्रास होतो, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यात प्लॅस्टिक, रंगवलेल्या फळ्या किंवा प्लायवूडचे तुकडे कधीही घालू नयेत, कारण त्यांचा धूर विषारी असतो. रोजच्या पाण्याची सोय विजेवर करावी आणि बंब दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी ठेवावा. असा तोडगा आईंना रुचेल असे वाटते. भांडी बाजारात बंबाला कल्हई आणि डाग देणारे कारागीर अजून भेटतात, त्यांच्याकडून तो एकदा नीट करून घ्यावा.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. त्याच्या घरातला गॅस बॉयलर पंधरा वर्षे जुना झाला असून तो बदलून हीट पंप घ्यावा का, असे तो विचारतो. आम्ही नाशिक रोडला राहतो, पण थंडीत त्याच्याकडे जाऊन राहतो. तिथे घर गरम राहील ना, ही आमची काळजी आहे.

उत्तर : तिथला बॉयलर केवळ आंघोळीचे पाणी तापवत नाही, तर रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून सारे घर ऊबदार ठेवतो. त्यामुळे तिथला हिशेब आपल्याहून वेगळा आहे. गॅस बॉयलर रेडिएटरला साठ-सत्तर अंशांचे पाणी देतो. हीट पंप चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यावर उत्तम चालतो. पाणी कमी गरम असल्याने तेवढीच ऊब देण्यासाठी रेडिएटर मोठे लागतात आणि यंत्र सतत मंद चालू ठेवावे लागते. तुम्ही जाल तेव्हा रेडिएटरला हात लावला तर तो कोमटच लागेल. यंत्र बिघडले असे समजू नये, भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा पाहावा. रात्री सारे बंद करून सकाळी एकदम पेटवण्याची बॉयलरची सवय मुलाला सोडावी लागेल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ या सरकारी योजनेतून हवेवर चालणाऱ्या हीट पंपाला ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते. ऑक्टोबर २०२३ पूर्वी ते ५,००० पौंड होते. अर्ज बसवणारा व्यावसायिक करतो आणि ती रक्कम बिलातून वजा करतो, मात्र तो व्यावसायिक तिथल्या ‘एमसीएस’ या प्रमाणपत्राचा असला पाहिजे.

काळजी घ्यायची ती चालवण्याच्या खर्चाची. अलीकडच्या वर्षांत ब्रिटनमध्ये विजेचे एक युनिट गॅसच्या एका युनिटपेक्षा जवळपास चौपट महाग राहिले आहे. जुना बॉयलर ९० टक्के उष्णता देत असेल, तर हीट पंपाने वर्षाच्या सरासरीत एका युनिट विजेमागे सुमारे ३.६ युनिट उष्णता दिल्याशिवाय बिल कमी होणार नाही. हे जमते, पण घरातून किती उष्णता गळते याचे प्रत्येक खोलीचे मोजमाप करून रेडिएटर निवडले असतील तरच. म्हणून मुलाने प्रथम पोटमाळ्यावरचे आणि भिंतींचे उष्णतारोधन पाहावे, खोलीनिहाय हिशेब लेखी मागावा आणि तो न देता फोनवर किंमत सांगणाऱ्याला नकार द्यावा. गरम पाण्याच्या टाकीसाठी जागा लागेल. बॉयलर टाकीविना चालणारा असेल तर ती जागा नव्याने शोधावी लागेल. स्वयंपाकही विजेवर आणून गॅसची जोडणी बंद केली, तर तिचा रोजचा स्थिर आकारही वाचतो. त्याची वीज जळणाऱ्या कोळशातून येत नाही. ब्रिटनमधले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बंद झाले. एकलहऱ्याच्या संदर्भात वर जे लिहिले ते लीड्सला लागू नाही. तिथे हीट पंपाने प्रदूषण निश्चित कमी होते.

प्रश्न : मखमलाबादला आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. विजेच्या गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी क्षारांनी खराब होते. हीट पंपाचेही तसेच होईल का?

उत्तर : तितके होणार नाही, पण निष्काळजीपणा चालणार नाही. क्षार सर्वाधिक साचतात ते फार तापलेल्या पृष्ठभागावर. विजेची कॉइल पाण्यापेक्षा खूपच जास्त तापते. बहुतेक घरगुती हीट पंपांत तापलेला वायू टाकीच्या बाहेरून गुंडाळलेल्या नळ्यांतून जातो, म्हणून क्षार कमी धरतात. टाकीचे तापमान रोजच्यासाठी ५५ अंशांवर ठेवावे. ६५ वर नेल्यास क्षारही वाढतात आणि वीजही. आठवड्यातून एकदा मात्र ते ६० अंशांपर्यंत चढवावे, म्हणजे कोमट साठवलेल्या पाण्यात वाढणारे जंतू नष्ट होतात. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. बोअरच्या पाण्यात ती लवकर संपते, म्हणून वर्षातून एकदा प्लंबरकडून ती काढून पाहावी आणि बोटाएवढी बारीक झालेली दिसली तर बदलावी. विक्रेत्याला खरेदीपूर्वीच विचारावे की ही कांडी नाशिकमध्ये सुटी मिळते का. ती मिळत नसेल तर ते यंत्र घेऊ नये.